नगरोटा बगवांच्या मधमाश्या

१९६२ म्हटलं की फौजी माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट येते. पण त्याच साली कांगडा खोऱ्यातल्या नगरोटा बगवां इथे एक वेगळीच परदेशी फौज येऊन कायमची राहिली. युरोपातली मेलिफेरा मधमाशी भारतात पहिल्यांदा टिकली ती इथे. योलच्या छावणीपासून गाव जवळच. निवृत्तीला टेकलेले अकरा जण घेऊन मार्चमध्ये तिथे एका दिवसाच्या प्रशिक्षणाला गेलो.

वर्गातला तासभर सोडून देतो. खरी गोष्ट पेटीपाशी. शिकवणारे मास्तर साठीचे, हातात मोजे नाहीत. धुराड्यात गोणपाटाचा तुकडा पेटवून त्यांनी पेटीच्या दाराशी दोन-तीन फुंका सोडल्या आणि थांबले. धुराने माश्या पोटभर मध पिऊन घेतात आणि जरा सुस्तावतात. शिवाय एका माशीने डंख मारला की केळ्यासारखा वास सुटतो, तो बाकीच्यांना इशारा. धूर तो वास दाबतो. आमच्या सिग्नलवाल्या नायकाला हे फार आवडलं. "म्हणजे जॅमिंग, साहेब!"

मग चौकट उचलायची. एलएमजी लीलया हाताळणारे हात इथे थरथरत होते. चौकट सरळ वर घ्यायची. आडवी केली तर ताजा मध ठिबकतो. राणी शोधत बसायचं नाही, अंडी शोधायची. घराच्या तळाशी उभं, तांदळाच्या कणीहून बारीक अंडं दिसलं की समजायचं, तीन दिवसांपूर्वीपर्यंत तरी राणी इथे होती. तिघांना डंख बसले, चौथा मला, मनगटावर. नखाने लगेच खरवडून काढला.

जेवताना मेढ्याकडचा आमचा हवालदार म्हणाला, "साहेब, पेन्शनचे एकरकमी पैसे येतील, त्यातून पन्नास पेट्या घेऊ म्हणतो."

मास्तरांनी विचारलं, तुमच्याकडे पाऊस किती?

"चार महिने. धो धो."

मास्तरांनी हातातली पोळी खाली ठेवली. मेलिफेराला फुलोऱ्यामागे ट्रकने फिरवावं लागतं. हिमाचलातले लोक थंडीत पेट्या खाली मोहरीच्या शेतांकडे नेतात. फुलं नसतील तेव्हा साखरेचा पाक पाजायचा, नाहीतर वसाहत उपाशी मरते. पन्नास पेट्यांचा पाक आणि पन्नास पेट्यांचं ट्रकभाडं, हा हिशेब त्याने केलाच नव्हता. "पाच घ्या," मास्तर म्हणाले, "आणि तुमच्याकडची देशी माशी घ्या."

देशी म्हणजे आपली सातेरी. मध कमी देते, उपासमार झाली की पेटी सोडून निघून जाते, पण सह्याद्रीच्या पावसात वाढलेली आहे. जांभूळ, हिरडा, सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी, हा तिचा शिधा. केळघर घाट चढला की महाबळेश्वर, आणि त्या तालुक्यातलं मांघर तर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. हे सगळं त्याच्या उंबऱ्याशी होतं. ऐकायला मात्र कांगड्याला यावं लागलं. निवृत्त होणाऱ्याला आपण सर्टिफिकेट हौसेने देतो. पैसा कुठे घालू नये हे सांगणारा माणूस क्वचितच गाठून देतो.

परतताना गाडीत त्याने घरी फोन लावला. "अगं, परड्यात पाच पेट्या बसतील का बघ. सावलीत. आणि मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या लागतील." पलीकडून बहुधा पोरांना चावतील का असं विचारलं गेलं. तो मनगट चोळत म्हणाला, "धसमुसळेपणा केला तर चावणारच की."