एफ मायनरमधली मिस्सा

लॅटिन मिस्सा आठवणारी आमची पिढी आता थोडी उरली आहे. वसईच्या धर्मग्रामांत आम्ही मुले 'कीरिये' आणि 'ग्लोरिया' तोंडपाठ गात असू. अर्थ फारसा उमगत नसे. परंतु कोठे गुडघे टेकायचे आणि कोठे उभे राहायचे, हे शरीरालाच पाठ झाले होते. डिसेंबर १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला, लोकभाषांना वेदीवर स्थान मिळाले आणि पुढील काही वर्षांत आमच्या चर्चमधून मराठी गायने ऐकू येऊ लागली. लॅटिन अशी वेदीवरून मागे सरत असतानाच, जानेवारी १९६८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या एका रॉक वाद्यवृंदाच्या नावावर संपूर्ण लॅटिन मिस्सेची तबकडी प्रसिद्ध झाली. हे मला कळले तेव्हा मी साठी ओलांडली होती. भाच्याने ती ऐकवली आणि मी त्या मुलांची हकीकत शोधू लागलो.

वाद्यवृंदाचे नाव 'इलेक्ट्रिक प्रून्स', म्हणजे विजेवर चालणारे सुके आलुबुखार! एका पोरकट विनोदातून ते आले होते. अमेरिकेत साठीच्या दशकात गल्लोगल्ली अशी टोळकी होती. वडिलांची मोटार बाहेर काढायची, रिकाम्या गॅरेजमध्ये ढोल आणि गिटारी मांडायच्या आणि शेजाऱ्यांचा संयम संपेपर्यंत वाजवायचे. या संगीताला पुढे 'गॅरेज रॉक' हे नाव पडले ते यावरूनच. गायक जेम्स लोव, बेस गिटार वाजवणारा मार्क ट्युलिन आणि मुख्य गिटारवादक केन विल्यम्स हे या वृंदाचे मूळ खांब. घरे विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका बाईंच्या कानी त्यांचा सराव पडला आणि त्यांच्यामार्फत या मुलांची डेव्ह हॅसिंजर यांच्याशी ओळख झाली. हॅसिंजर हे रोलिंग स्टोन्सची गाणी ध्वनिमुद्रित केलेले तंत्रज्ञ. त्यांना आता स्वतः निर्माता व्हायचे होते.

१९६६ च्या अखेरीस आलेले त्यांचे 'आय हॅड टू मच टू ड्रीम' हे गाणे पुढील वर्षी अमेरिकेच्या यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत चढले. आरंभीच एक विचित्र गुंजारव लांबून घोंघावत अंगावर येतो. विल्यम्सने गिटारची तार थरथरवली होती. ती ध्वनिफीत उलटी फिरवून हा नाद मिळाला. मला त्या गाण्यातील ही एवढीच गोष्ट खरोखर त्या मुलांची वाटते, कारण गाणे अॅनेट टकर आणि नॅन्सी मँट्झ या दोघींनी लिहिलेले होते. पहिल्या तबकडीवरील बहुतेक गाणी अशीच बाहेरून आलेली. नावाचा हक्कही मुलांकडे राहिला नव्हता. तो निर्मात्याच्या हाती होता. विशीतल्या मुलांना यश आले की कागदपत्र वाचण्याची कोणाला घाई असते?

मिस्सेची कल्पनाही बाहेरूनच आली. डेव्हिड अॅक्सेलरॉड या संगीतकाराने 'कीरिये'पासून 'आन्यूस देई'पर्यंत सहा भाग रचले आणि वादनाचे कागद तयार केले. अडचण अशी की, स्वरलिपी वाचणे या वृंदातील बहुतेकांना जमत नव्हते. येथे मला गोव्याची आठवण होते. तेथील चर्चच्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी शिकवली, म्हणून तर मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोवेकर वादक समोरचा कागद पाहून व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवू शकले. अॅक्सेलरॉडचे काम त्यांना मुळीच जड गेले नसते! गॅरेजमध्ये कानाने शिकलेल्या या मुलांना मात्र वेळ लागू लागला, आणि स्टुडिओत वेळ म्हणजे पैसा. मग व्हँकुव्हरच्या 'कलेक्टर्स' या वृंदातील वादक बोलावण्यात आले आणि अर्धेअधिक काम त्यांनी पुरे केले. लोवचा आवाज आणि ट्युलिनचा बेस राहिला. मुखपृष्ठावर नाव अर्थातच 'इलेक्ट्रिक प्रून्स'.

सांता मोनिका येथे ही मिस्सा त्यांनी श्रोत्यांपुढे वाजवली, ती मध्येच कोलमडली. 'कीरिये' कसेबसे पार पडले. पुढे मेळ तुटला आणि मुले सुचेल ते वाजवत राहिली. त्याच वर्षी लोव बाहेर पडला. पाठोपाठ आलेली तबकडी यहुद्यांच्या 'कोल निद्रे' या प्रार्थनेवर आधारलेली होती आणि तिच्यात मूळ मुले जवळजवळ नव्हतीच. १९६९ ची शेवटची तबकडी तर सर्वस्वी परक्या वादकांची. नाव मात्र तेच! एखाद्या धर्मग्रामाचा गायकवृंद पाहुण्यांनी भरून काढावा आणि फलक जुनाच ठेवावा, तसा हा प्रकार. चर्चच्या माळ्यावर पुढे उभ्या असणाऱ्या बाईंचा आवाज एखाद्या रविवारी नसला, तर खाली बाकांवर बसलेल्यांना पहिल्या ओळीतच कळते. तबकडी विकत घेणाऱ्याला ते कळण्याची सोय नव्हती.

ही मिस्सा उपासनेसाठी नव्हती, आणि ती तशी ऐकूही नये. 'क्रेदो'मध्ये गिटारींचा कल्लोळ शब्दांना गिळतो. 'ग्लोरिया' मला ओढूनताणून गंभीर वाटते. 'कीरिये' मात्र वेगळे आहे. लोवने स्वतःचाच आवाज स्वतःच्या आवाजावर चढवला आहे, त्यामुळे एकटा माणूस मठातील लहानशा गायकवृंदासारखा भासतो. त्याच्याभोवती ती खरखरीत गिटार घुटमळते. दयेची याचना करणारे हे शब्द मुळात ग्रीक, लॅटिन मिस्सेत तसेच राहून गेलेले; म्हणजे आधीच एका परक्या घरात राहिलेले. कदाचित म्हणूनच दुसऱ्या परक्या घरातही ते अवघडले नाहीत. १९६९ च्या 'ईझी रायडर' या चित्रपटात, न्यू ऑर्लिन्सच्या कार्निव्हलसाठी निघालेल्या दोन भटक्यांच्या कथेत, हेच 'कीरिये' वाजते. उपवासकाळ सुरू होण्यापूर्वीचे ते दिवस; चित्रपट करणाऱ्यांना हा योग जाणवला होता की नाही, कोणास ठाऊक.

१९७२ मध्ये लेनी के यांनी 'नगेट्स' हा संग्रह काढून विस्मरणात चाललेली अशी गाणी एकत्र केली आणि पहिला मान 'आय हॅड टू मच टू ड्रीम'ला दिला. लोव तोवर ध्वनिमुद्रणाच्या कामात शिरला होता आणि इतरांच्या तबकड्या घडवत होता. १९९९ मध्ये तो, ट्युलिन आणि विल्यम्स पुन्हा एकत्र आले आणि त्याच जुन्या नावाने वाजवू लागले. तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले किंवा तिच्या आसपासचे गृहस्थ होते. २०११ मध्ये ट्युलिन गेला, २०१७ मध्ये अॅक्सेलरॉड. ती तबकडी आता माझ्याकडे आहे. भाचा ती परत मागतो. 'कीरिये' आणखी एकदा ऐकून देतो, असे मी त्याला सांगतो.