शिरोरेखेचे खांब

४ मे
नागपूरच्या महाल भागातल्या घराची रंगरंगोटी निघाली म्हणून मावशीची पेटी माझ्याकडे आली. आत क्रोशाचे रुमाल, एक तोरण आणि आलेखाची वही. वहीत चौकोनांत फुल्या मारून उतरवलेले मोर, तुळशीवृंदावन. मधली दोन पानं डकवून त्यावर लांबलचक ‘सुस्वागतम्’. कडेला पेन्सिलीनं ‘२ सा., १ खां.’ आणि एका ओळीपुढे नुसताच आकडा: ३६४.

कागदाच्या कडा हात लावताच झडतात. कूलर बंद करून, घाम पुसत, ६०० डीपीआयवर पानं स्कॅन केली. तोरण काळ्या कागदावर पसरलं, शेजारी पट्टी ठेवली. पांढऱ्यावर पांढरी जाळी दिसतच नाही. टाचणीचा गंज एका टोकाला उतरलाय. तो राहू दिला.

६ मे
प्रोजेक्ट गुटेनबर्गवर थेरेझ द दिलमोंत यांचा १८८६ चा विणकाम-भरतकामाचा कोश कुणीही उघडून वाचू शकतं. अँटिक पॅटर्न लायब्ररीत स्वयंसेवकांनी जुन्या नमुन्यांची पुस्तकंच्या पुस्तकं चढवली आहेत. इतक्या दूरच्या बायकांची बोटं मला नागपुरात बसून वाचता आली, याचं मोल फार वाटतं. पण अक्षरांचे जे तक्ते मी पाहिले ते रोमन. सुटी सुटी अक्षरं. शिरोरेखा मावशीच्या वहीत आहे.

शब्दांचाही घोळ आहे. इंग्लंडमध्ये ज्याला ट्रेबल म्हणतात, त्याच टाक्याला अमेरिकेत डबल क्रोशे म्हणतात. आमचा तो सरळ खांब. हे सगळं विकिमीडिया कॉमन्सवर चढवताना वर्णनात खांबच लिहीन आणि तो कसा घालायचा ते सांगेन.

७ मे
दुपारभर ३६४ शी झुंज. तक्त्यातलं रिकामं घर म्हणजे एक खांब, दोन साखळ्या. भरलेल्या घरात साखळ्यांच्या जागी आणखी दोन खांब. शिरोरेखा सलग भरलेली, घरं १२१. तिनाने गुणले तर ३६३. मावशी एका खांबानं चुकली असं मी टिपणात लिहूनही टाकलं.

८ मे
मावशीला फोनवर विचारलं. “अवं, शेवटच्या घराले भिंत नाही का लागत?”

टिपण खोडलं. संध्याकाळी तिच्याकडेच गेले आणि मोबाइल तिच्या हातांवर धरला. दोरा करंगळीला वेढा घेऊन तर्जनीवरून येतो. हे वहीत कुठेच नाही. इंग्रजी तक्ते बहुधा खालून वर वाचायचे असतात, मावशी शिरोरेखेपासून सुरू करून खाली येते. म्हणून तोरणाची वरची कड आणि शिरोरेखा एकच, आणि ‘म्’चा पाय खालच्या पानांच्या झालरीत जातो. किती विचार केलाय त्या बाईनं! असं म्हटलं तर म्हणाली, नमुना माझा नाही, शेजारच्या वहिनींच्या दारावरून मोजून घेतला होता.

तेही वर्णनात घातलं.

११ मे
विकिमीडिया कॉमन्ससाठी व्हिडिओ वेबएम रूपात बदलून घेतला. मासिकांतून कापलेले नमुने बाजूला ठेवले, त्यांचे हक्क दुसऱ्यांचे. मावशीच्या हातचं तेवढंच चढवलं, तिचं पूर्ण नाव तिला विचारून. ‘लेखिका’च्या रकान्यात तिचं नाव कधीच आलं नव्हतं.

रात्री इतवारी बाजारातून आणलेला दोरा काढला. ३६६ साखळ्या घालायच्या आहेत. शेवटच्या तीन वळवल्या की पहिला खांब उभा राहतो.