दोन बादल्यांत गाडी



पूजेची पितळी भांडी आपण चिंच लावून वर्षानुवर्षं घासतो आणि दर वेळी ती लख्ख होतात, कारण वरचं घासलं गेलं तरी खाली पितळच असतं. चांदीचा मुलामा दिलेलं ताट मात्र आपण तसं घासत नाही. घासलं तर चार दिवाळ्यांत खालचा तांबूसपणा दिसू लागतो. मोटारीचा रंग हा मुलामा आहे, पितळ नव्हे.

मी गाडीच्या रंगात लक्ष घालायला लागले त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात यांनी परिग्रह परिमाण घेतलं. घर, शेत, सोनं, कपडे यांच्या यादीत एक ओळ अशी : चारचाकी एकच, आहे तीच, नवी घेणार नाही, कोणी दिली तरी नाही. ही 'आहे ती' २०१४ची, मरून रंगाची. मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, "बाबा, माझ्या नावावर घेतो, तुम्ही नुसती वापरा." हे हसतात आणि विषय बदलतात. नियमातून अशी पळवाट काढायची नाही, हे त्यांनी माझ्याजवळ स्पष्ट बोलून ठेवलंय. आता खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०२९ला तपासणी करून पुढे वाढवून घ्यावी लागणार. तोवर आणि त्यानंतरही पत्रा शाबूत राहायला हवा. इंजिनाकडे मेकॅनिक बघतो. रंगाचं खातं माझ्याकडे आलं.

पत्र्यावर गंज रोखणारा थर, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. चकाकी दिसते ती त्याची, आणि उन्हापासून रंगाला वाचवतो तोही तोच. मी बी.कॉम. झालेली बाई, म्हणून माझ्या डोक्यात हे असं बसलं : हा थर म्हणजे भांडवल. कारखान्यातून एकदाच मिळतं, पुन्हा भर पडत नाही. हिशेबाच्या वहीत मोटारीवर १५ टक्के घसारा लिहून मोकळं होता येतं. पत्र्यावरचा घसारा मात्र आपल्या हाताच्या जोरावर ठरतो.

आणि सगळ्यात जास्त घसारा होतो तो रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याने! आमच्या गल्लीत तीन-चार घरी हा कार्यक्रम असतो. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा टणक असतात. कोरडं फडकं फिरवलं की ते कण पॉलिश पेपरसारखे फिरतात. उन्हात तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतील. धूळ बसली असेल तर बसू द्यावी. वेळ असेल तेव्हा नीट धुवावी.

आता पाणी. आमच्या नळाला नळी लावली तर १५ लिटरची बादली सव्वा मिनिटात भरते, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. पाव तास नळी सोडली की १८० लिटर गेलं. आपल्याकडे पाण्याच्या थेंबातही जीव मानतात, आणि आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात विनाकारण पाणी वाया घालवणं अनर्थदंडात, प्रमादचर्येत घातलंय. कारण असेल तिथे श्रावकाला पाणी वापरावंच लागतं. इथे कारण आहे, पण ते १८० लिटरचं नाही. मी १०-१० लिटरच्या दोन बादल्या घेते आणि फवाऱ्याच्या पंपात ४ लिटर. सगळं पाणी दुहेरी फडक्यातून गाळून. गाळलेल्या पाण्याची मुदत दोन घटका, ४८ मिनिटं, म्हणून काम त्या आत संपवायचं. ही मुदत रंगालाही बरी, कारण रेंगाळलं तर साबण पत्र्यावर वाळतो.

पाणी लावायच्या आधी गाडीभोवती एक फेरी. आरशाच्या मागे कोळी हमखास असतो, चाकाच्या वरच्या पोकळीत कुंभारीण माशीचं मातीचं घर, काचेच्या खालच्या फटीत मुंग्या. मऊ कुंचल्याने हलकेच बाजूला करायचं. मातीच्या घरात अळी असते, तो भाग मी माशी उडून जाईपर्यंत कोरडाच ठेवते. त्यावरून यांनी माझी थट्टाही केली आहे.

मग फवाऱ्याने सगळीकडे भिजवायचं आणि दोन-तीन मिनिटं थांबायचं. घाण फुगून सुटते. एका बादलीत गाडीचा सौम्य शांपू, दुसरीत साधं पाणी. फडकं शांपूत बुडवून एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात पिळून माती सोडायची, मगच परत शांपूत. छतापासून खाली यायचं, चाकांजवळचा भाग सगळ्यात शेवटी. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, ती वरचं मेण उतरवते. फडकं मायक्रोफायबरचं, चौघडी घातलेलं, म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. धुणं सावलीतच. जयसिंगपूरचं बोअरचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. शिरोळच्या जमिनीच तशा क्षारपड, पाणी वाळलं की पांढरे ठिपके राहतात. राहिलेच तर घरात व्हिनेगर नसतं, म्हणून चमचाभर लिंबूसत्त्व पेलाभर पाण्यात घालून लावते आणि मिनिटभरात धुऊन टाकते.

गळीत हंगामात कारखान्याची काजळी वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते तशी गाडीवरही. तिला चोळायचं नाही, पाण्यानेच उतरवायची. पक्ष्याची विष्ठा मात्र रविवारपर्यंत ठेवू नये. ती आम्लधर्मी असते, आणि उन्हात तापलेल्या थरावर वाळली की कायमचा वण पडतो. ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून उचलून घ्यायची. पुढच्या भागाला चिकटलेल्या किड्यांनाही हेच, पण ते उतरवताना जीव कसनुसा होतो. चातुर्मासात दिवेलागणीनंतर हे गाडी काढत नाहीत, त्यामुळे ते काम बरंच कमी झालंय.

आता पॉलिश. बाजारात 'पॉलिश करून देतो' म्हणतात त्यात दोन उलटी कामं एकत्र असतात. एक घासणारं : त्यात बारीक कण असतात, ते वरचा थर झिजवून रेघा सपाट करतात. दुसरं झाकणारं : मेण किंवा सीलंट, थरावर आणखी एक पातळ पापुद्रा देणारं. पहिलं भांडवलातून खर्च करतं, दुसरं दर वर्षीची देखभाल आहे. मागे लग्नघाईत एका सेंटरवर दिली तर त्यांनी न विचारता मशीनने रगडून दिली. संध्याकाळी आरशासारखी दिसली. महिन्याभरात बॉनेटच्या कडेला पांढुरका पट्टा उमटला. कडांवर थर मुळातच पातळ असतो, तो तिथे संपला होता. त्याला आता पुन्हा रंग देण्याशिवाय उपाय नाही. म्हणून घासायचं फक्त दिसणाऱ्या रेघेपुरतं, हाताने, सगळ्यात बारीक पॉलिश घेऊन. नख फिरवून बघा, अडकलं तर ती रेघ पॉलिशने जाणारी नाही. उगाच झिजवू नका.

झाकायला काय वापरायचं, इथे माझा बराच वेळ गेला. मध आपल्याला वर्ज्य, मग पोळं पिळवटून काढलेलं मेण हातात कसं घेऊ? गाडीच्या पुष्कळ मेणांत मधमाश्यांचं मेण मिसळलेलं असतं. कार्नोबा मेण वनस्पतीचं, ब्राझीलमधल्या एका ताडवर्गी झाडाच्या पानांवरचं. ते ८० अंशांच्या वर वितळतं, मधमाश्यांचं ६०-६५लाच, म्हणजे आपल्या उन्हाला तेच बरं. पण डब्यावर 'कार्नोबा' लिहिलं म्हणून आत तेवढंच असतं असं नाही. घटक दिले नसतील तर मी घेत नाही. शेवटी कृत्रिम सीलंट घेतलं, पॉलिमरचं. ते मेणापेक्षा जास्त टिकतंही, चार-सहा महिने सहज जातात. पुसायच्या शॅमॉयचंही विचारून घ्या, खरं शॅमॉय चामड्याचं असतं. पिवळं, रबरासारखं दिसणारं कृत्रिम मिळतं, किंवा मायक्रोफायबर आहेच.

लावण्याआधी धुतलेल्या बॉनेटवर प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून फिरवा. खरखर लागली तर धुऊनही न गेलेले कण आहेत. त्यासाठी गाडीची खास चिकणमाती मिळते, भरपूर ओलं ठेवून हलक्या हाताने सरकवायची. मग सीलंट अगदी थोडं, एका दारापुरतं एका वेळी, आणि सुकल्यावर पूर्ण पुसून काढायचं. जाड थर ठेवला तर तेलकटपणावर धूळ येऊन बसते. पाठशाळेत आस्रव-बंध शिकवताना तेल लावलेल्या अंगाचं उदाहरण देतात, तेच.

पापुद्रा असला की पुढची धुलाई निम्म्या वेळात होते. घाण घट्ट धरत नाही, पाण्याचे मोती होऊन ओघळतात. परवा एका बादलीत काम झालं, दुसरीतलं अर्ध्याहून जास्त उरलं, ते मी अंगणातल्या तगरीला घातलं.

आमचं वेळापत्रक असं : धुणं पंधरवड्यातून एकदा, अष्टमी-चतुर्दशी सोडून. सीलंट दोनदा, चातुर्मासाच्या आधी आणि गळीत हंगाम सुरू व्हायच्या सुमारास. बॉनेटच्या कडेचा तो पट्टा या उन्हाळ्यात रंगवून घ्यायचाय. मुलगा खर्च देतो म्हणाला. दुरुस्तीला नियम आड येत नाही, असं यांनी दोन दिवस विचार करून सांगितलं.