शेवटचे चार किलोमीटर

डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांसाठी मोटारसायकल निवडताना बहुतेक जण इंजिनाची ताकद पाहतात. माझ्या मते पहिला प्रश्न वजनाचा : निर्जन घाटात आडवी झालेली गाडी एकट्याने उचलता येईल काय? पन्नाशीनंतर मी २०१९ साली बाजारात आलेली हिरो एक्सपल्स २०० घेतली, ती याच कारणाने. रॉयल एन्फील्डच्या हिमालयनपेक्षा ती बरीच हलकी; पुढचे चाक मात्र तितकेच, २१ इंची. महामार्गावरील वेग कमी मिळतो. ती किंमत जाणूनबुजून मोजली. कच्च्या वाटेवर फूटरेस्टवर उभे राहावे, गुडघ्यांनी टाकी धरावी, हात सैल ठेवावेत. खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबू नये.

शंभरातले शहाण्णव किलोमीटर कोणतीही गाडी नेते. निवड ठरते उरलेल्या चारांवर. अर्थशास्त्रातील सीमान्ताचा विचार तो हाच. प्रशासनाचेही तसेच. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या मूळ निकषात डोंगरी भागातील २५० पेक्षा कमी लोकवस्तीच्या वाड्या बसत नव्हत्या. सरकारी जीप थांबते, तेथून पुढे अशा वाडीतील बाळंतिणीला माणसांच्या खांद्यावरून आणावे लागते. ती वाट ज्याने दुचाकीवरून तुडवली, त्याला ‘गावे जोडली गेली’ हा शेरा फाइलीवर सहजी लिहवत नाही.