घरचं बियाणं आणि बाजरीतला गोसावी

आज स्वतःच्याच चुकीची नोंद करतोय.

पारोळ्याकडची आमची जमीन हलकी. आदल्या वर्षी संकरित बाजरी जोरदार आली होती, गोसावी औषधालाही नव्हता. म्हणून त्यातलीच भरलेली कणसं निवडून बी ठेवलं आणि गेल्या खरिपात दोन बिघे पेरली. पिशवीचे पैसे वाचले म्हणून खूश होतो. निसवणीला आई बांधावर उभी राहून म्हणाली, "हाई काय व्हयनं रे भाऊ?" कणसात दाणा नाही, नुसता हिरव्या पानांचा गुंता. गोसाव्याच्या जटाच. एका ओळीत शंभर ताटं मोजली, बावीस गेलेली.

असं का झालं? संकरित वाणाच्या आई-बापापैकी एकाकडूनच रोग अडवणारं प्रभावी जनुक आलं, तरी पहिल्या पिढीतलं प्रत्येक ताट तगतं. तेच बी पुन्हा पेरलं की जनुकांची वाटणी होते. साध्या हिशेबाने चारातलं एक ताट त्या जनुकाशिवाय उगवतं. गोसावीला अडवणारी जनुकं बहुधा एकाहून जास्त असतात, त्यामुळे माझे बावीस म्हणजे काही पुरावा नाही. पण धडा तोच.

हाच रोग देशानेही भोगलाय. १९६५ मध्ये लुधियानाहून एचबी-१ आला, पुढे एचबी-३. पीक वाढलं. पण दोघांची आई एकच, अमेरिकेतून आणलेली टिफ्ट २३ए, आणि ती गोसावीला बळी पडणारी. गावोगाव तीच बाजरी उभी. १९७० नंतर रोगाने ती झोपवली. पुढे हरियाणाच्या एचएचबी ६७ वाणाच्या आई-बापात प्रतिकारक जनुकं घातली. बापाच्या बाजूला जनुकखुणा तपासून निवड केली, आणि सुधारित वाण २००५ मध्ये आला.

तरी प्रतिकार कायमचा नसतो. गोसावीला आपण बुरशी म्हणतो, शास्त्रज्ञ तिला बुरशीसारखा वेगळा जीव मानतात. नाव काहीही द्या, तिचे जाड कवचाचे बीजाणू जमिनीत काही वर्षं टिकतात आणि त्यातून नव्या जाती तयार होतात. वर्षानुवर्षं एकच वाण ठेवला, तर आपणच तिला कुलपाची किल्ली घडवायला वेळ देतो.

म्हणून यंदा असं ठरवलंय:
- संकरित बी दरवर्षी नवं. एका बिघ्यात धुळ्याच्या संशोधन केंद्राचा आदिशक्ती.
- घरचं बी ठेवायचं तर धनशक्तीसारख्या सुधारित वाणाचं, आणि तेही निरोगी ताटांचं.
- किलोला ६ ग्रॅम मेटॅलॅक्झिल ३५ टक्के लावूनच पेरणी.
- गोसावी ताट दिसलं की उपटून जाळायचं, बांधावर टाकायचं नाही.
- त्याच शेतात लागोपाठ बाजरी नाही.

तुमच्याकडे कोणता वाण किती वर्षं टिकला, तेवढं नक्की सांगा.