मोटार चालू, दिवा बंद

आमच्या माण गावात पूर्वी रात्री घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कुणीतरी धनी असायचा. ओळखीच्या रानात वाट चुकली तर चकवा लागला. पहाटे छातीवर ओझं बसून हातपाय हलेनासे झाले तर मुंज्या बसला. पोरगं झोपेत दात खायला लागलं तर पोटात जंत झाले. आणि झोपेतून उठून कुणी चालायलाच लागलं तर मग 'बाहेरचं' आहे म्हणायचं. एकदा नाव दिलं की माणसाला बरं वाटतं, उपाय सुचतो. पण त्या नावापायी बिचाऱ्या झोपलेल्या माणसाकडं गाव कसं बघायचं, ते मी घरातच पाहिलंय.

माझा धाकटा भाऊ आठ-नऊ वर्षांचा असेल. चैत्रात वाकड-हिंजवडीच्या म्हातोबाचं बगाड बघायला आम्ही सगळी पोरं जायचो. दोन रात्रींचं जागरण आणि दिवसभर उन्हात हुंदडणं. घरी आलो की अंगणात वाकळा टाकून मेल्यासारखं झोपायचं. अशाच एका रात्री हा उठला, गोठ्यात गेला, बैलाचं दावं सोडलं आणि कासरा धरून ओढ्याच्या वाटेला लागला. रोज संध्याकाळी बैलांना पाणी दाखवायचं काम त्याचंच होतं. डोळे उघडे, चाल सरळ. बैलसुद्धा मुकाट मागं चाललेला. आजीला जाग होती म्हणून कळलं. मी हाक मारणार तोच ती म्हणाली, "वरडू नगं रं, दचकंल. हाताला धरून हळूच मागं आन." मी तसं आणलं. तो पुन्हा वाकळंवर पडला आणि घोरायला लागला. सकाळी सांगितलं तर ऐकायला तयार नाही. आम्ही थापा मारतोय म्हणून रडला.

नंतर तो महिन्या-दोन महिन्यांनी चालायचा. भगताकडं नेलं. लिंबू उतरवलं, दंडाला दोरा आला. शाळेतली पोरं त्याच्या शेजारी बसेनात, कारण याला मुंज्यानं धरलंय. आबांनी दोरा राहू दिला, पण दुसरंही एक काम केलं. पोराला बाहेर झोपवणं बंद केलं आणि दाराच्या कडीला बैलांची घुंगरमाळ बांधली. कडी हलली की घर जागं. आजी म्हणायची, "ह्याचा आजाबी असाच चालायचा की. त्यो काय झाडावर राहायला गेला नाय." पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याचं चालणं आपोआप थांबलं. दोऱ्यानं थांबलं म्हणणारी माणसं गावात अजून आहेत.

पुढं आबांच्या आजारपणात पुण्यातल्या एका डॉक्टरांशी बरंच बोलणं झालं, तेव्हा मी भावाचंही विचारून घेतलं. ते म्हणाले, झोप एकसारखी नसते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते. त्या गाढ झोपेतून मेंदूचा काही भाग जागा होतो आणि काही झोपलेलाच राहतो, तेव्हा माणूस चालतो. लहान पोरांत हे बरंच दिसतं आणि मोठेपणी बहुतेकांचं जातं. घराण्यातही असतं. जागरण, ताप, दगदग, दारू, काही झोपेच्या गोळ्या यांनी ते उचल खातं. म्हणजे आजीचं बोलणं आणि म्हातोबाचं जागरण, दोन्ही हिशोबात बसलं.

मी शेतकरी माणूस, मला ते मोटारीवरून समजलं. रात्री कधी कधी एखादा फेज जातो. घरातला दिवा लागतो, पण विहिरीवरची मोटार काही उचलत नाही. मुंज्या बसतो म्हणतात ते हेच. स्वप्नाच्या झोपेत आपलं अंग निसर्गच ढिलं पाडून ठेवतो, नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरंच पळेल. कधी जाग आधी येते आणि अंग मागाहून सुटतं. तेवढा वेळ दिवा चालू, मोटार बंद. भीतीनं माणसाला छातीवर कुणीतरी दिसतंही. आणि माझ्या भावाचं उलटं, मोटार चालू, दिवा बंद.

आबांचं आणखी वेगळं होतं. आयटी पार्कचा तिसरा टप्पा आमच्या माणमध्ये आला, त्यात आमचं भाताचं रान गेलं. पैसे मिळाले, घर बांधलं, वर भाड्याच्या खोल्या काढल्या. बैलांना काम उरलं नाही म्हणून ते विकले. आबा तेव्हा सत्तरीला टेकलेले. वर्षभरात त्यांनी पहाटेच्या झोपेत ओरडायला सुरुवात केली. "हाऽ सर्ज्या, हाऽ! मागं सर, मागं सर!" हात असे ओढायचे जसा कासराच धरलाय. पाय झाडायचे. एकदा भिंतीवर बुक्की मारली, बोटांची सालं गेली. एकदा आईच्या बरगडीत लाथ बसली, तिला आठ दिवस खोकता येईना. आयुष्यात ज्यानं बायकोवर हात उगारला नाही, तो माणूस सकाळी तिच्याकडं बघायलाही लाजायचा.

भाऊ चालायचा तेव्हा त्याला काही आठवायचं नाही. आबांना मात्र हलवून जागं केलं की सगळं सांगता यायचं. "सर्ज्या चिखलात रुतला व्हता रं. वढत व्हतो." ते अंथरुणातून उठून कुठं जायचेही नाहीत, आणि डोळे मिटलेले असायचे. गाव म्हणालं, म्हाताऱ्यानं जमिनीचा धसका घेतला. मलाही ते पटण्यासारखंच होतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि भलतंच विचारलं, "यांना वास नीट येतो का?" आई म्हणाली, "कवाधरनं येत नाय. शेजारी दूध करपलं तरी पत्ता नसतो." मग त्यांनी समजावून सांगितलं. स्वप्नाच्या झोपेत अंगाला जे कुलूप असतं ते आबांचं निघालंय, म्हणून ते स्वप्न हातापायानं करतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या शेंक आणि महोवाल्ड या डॉक्टरांनी 1986 मध्ये हा आजार प्रथम नीट मांडला. पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांत तो जास्त दिसतो. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यातल्या पुष्कळांना पुढं काही वर्षांनी कंपवात होतो. हात थरथरायच्या कितीतरी आधी झोप खबर देते.

चार वर्षांनी आबांचा उजवा हात थरथरायला लागला. दुखणं मुळापासून थांबवणारं औषध नव्हतं, पण आम्ही अंधारात नव्हतो. हात कापायला लागल्याबरोबर उपचार सुरू झाले. झोपेतली आदळआपट गोळीनं बरीच कमी झाली. पलंग काढून गादी खाली टाकली, भिंतीला उशा लावल्या, उशाशी ठेवायचा कोयता माळ्यावर गेला. आईनं वेगळं झोपावं असं डॉक्टर म्हणाले. ती काही ऐकेना. "पन्नास वरसं ह्यांच्या शेजारी झोपलेय, आता कुठं जाऊ?" शेवटी त्याच खोलीत तीन हातांवर तिचं अंथरूण पडलं.

मी या गोष्टीवर पुष्कळ विचार केलाय. गाव म्हणत होतं धसका, डॉक्टर म्हणत होते मेंदूचा आजार. कुलूप आजारानं काढलं हे खरं. पण दार उघडल्यावर आत जे दिसलं ते आबांचं स्वतःचं होतं. जागेपणी त्यांनी गेलेल्या रानाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गेलं ते गेलं." आणि पहाटे त्याच रानात चिखलणी करायचे.

आता वरच्या खोल्यांत भाडेकरू आहेत, कंपन्यांत काम करणारी पोरं. कुणी रात्रपाळीचं, कुणी सकाळी येऊन झोपणारं. दोन वर्षांमागं विदर्भातला एक पोरगा रात्री गच्चीवर कठड्यापाशी उभा दिसला. हाक मारली तर ओ नाही, बोटं हवेत टायपिंग केल्यासारखी चाललेली. मला ते नवीन नव्हतं. हळूच दंडाला धरून खोलीत नेऊन झोपवला. दुसऱ्या दिवशी बाकीची पोरं म्हणायला लागली, "काका, याला काढा, उद्या उडी मारली तर पोलीस तुमच्या दारात." तो खाली मान घालून उभा. बदलत्या पाळ्यांनी त्याची झोप पार विसकटलेली होती. मी म्हणालो, "गच्चीला कुलूप मी घालतो. तू आधी डॉक्टरला दाखव आणि साहेबाकडून पाळी बदलून घे." त्यानं दोन्ही केलं. जोडीला आम्ही त्याच्या खोलीच्या कडीला तीच जुनी घुंगरमाळ लावली. बैल गेले तरी ती आईनं ठेवून दिली होती.

पोलिसांची भीती अगदीच खोटी नाही. कॅनडात 1987 साली केनेथ पार्क्स नावाचा माणूस झोपेतच वीस किलोमीटरच्या वर गाडी चालवत सासुरवाडीला गेला आणि त्यानं सासूचा जीव घेतला. ज्यूरीनं त्याला सोडलं, आणि 1992 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला. झोपेतल्या माणसाच्या हातून झालं ते त्यानं केलं म्हणता येत नाही, असं ते प्रकरण. असं लाखात क्वचित होतं. आपल्याकडं धोका साधा असतो. विहीर, जिना, गच्ची, आणि आता आमच्या दारावरनं रात्रभर धावणारी वाहनं. भाऊ ज्या वाटेनं बैल घेऊन निघाला होता, तिथं आज पोरगं चालत गेलं तर घरापर्यंत परत येईलच असं नाही.

म्हणून ज्यांच्या घरात असं कुणी असेल त्यांना सांगतो. ओरडू नका, गदागदा हलवू नका. झोपेतून उठवलं की माणूस मरतो ही समजूत खोटी आहे, पण तो गोंधळून अंगावर येऊ शकतो. हाताला धरून अंथरुणावर आणा. किल्ल्या, कोयता, काडेपेटी हाताला लागेल अशी ठेवू नका. पोरांना झोप पुरी होऊ द्या. आणि उतारवयात कुणी झोपेत नव्यानं लाथाबुक्क्या झाडायला लागलं, तर भगत गाठण्याआधी मेंदूचा डॉक्टर गाठा. सकाळी त्याची चेष्टा करू नका. त्याला आधीच लाज वाटत असते.

आबा जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी त्यांचा आवाज खोल गेला होता, दिवसा काय म्हणतात ते कळायचं नाही. पहाटे झोपेत मात्र सर्ज्याला मारलेली हाक अंगणापर्यंत स्पष्ट ऐकू यायची. आई जागीच असायची. तिच्या अंथरुणावरूनच ती हळू आवाजात म्हणायची, "सुटला बैल, सुटला. झोपा आता." आणि ते झोपायचे.