दादाजानांची तिकिटे

पावसाळ्याआधी धसईचे आमचे जुने घर शाकारायला काढले, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली. आत मरहूम दादाजानांचा टपाल तिकिटांचा अल्बम होता. मुंबईच्या गोदीतल्या एका कचेरीत त्यांनी उमेदीची वर्षे कारकुनी केली. परदेशी टपालाची रिकामी पाकिटे ते मागून आणीत आणि तिकिटे पाण्यात भिजवून सोडवीत. अल्बममध्ये देशाचे नाव मात्र कोठेच लिहिलेले नव्हते. त्यांना ते ठाऊक होते. आम्हा तिघा भावंडांना नव्हते.

पहिल्याच पानावर अडलो. ‘माग्यार पोश्टा’ नावाचा देश नकाशात सापडेना. तो हंगेरी निघाला. ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड. एका तिकिटावर नुसता राणीचा चेहरा होता, देशाचे नावच नाही. ते इंग्लंडचे. १८४० साली जगातले पहिले टपाल तिकीट त्यांनी काढले, तेव्हा नाव घालायची गरज नव्हती. पुढेही त्यांनी ते कधी घातले नाही.

अरबी लिपीची पाने आली तसे आम्ही सरसावून बसलो. मकतबात नाजरा कुरआन शिकलो होतो. अक्षरे झरझर वाचता येत होती, अर्थ कळत नव्हता. अम्मी तर म्हणाली, “आधी वजू करून या.” पण तिथे लिहिले होते ‘बरीद’, म्हणजे टपाल. इतक्या रोजच्या वापराची गोष्ट त्या अक्षरांत आम्ही प्रथमच पाहत होतो.

एका तिकिटावर ‘मिस्र’ होते. हजरत युसूफ यांच्या किश्श्यातले ते नाव लगेच ओळखले. दुसऱ्यावर ‘अल-जुम्हूरिया अल-अरबिया अल-मुत्तहिदा’ आणि इंग्रजीत यू.ए.आर. आम्ही ते दुबईकडचे धरून चाललो. पण शिक्क्यावर साल १९६४, आणि अमिराती एकत्र आल्या त्या १९७१ साली. शोधता शोधता तेही मिस्रचेच निघाले. १९५८ साली इजिप्त आणि सीरिया एक झाले, १९६१ साली फुटले, तरी इजिप्तने ते नाव १९७१पर्यंत चालवले. तिसऱ्या तिकिटावर ‘पे’ हे अक्षर होते. अरबीत ‘पे’ नाही, म्हणजे भाषा फारसी. ते इराणचे.

मग हिंदुस्थानचे पान. सहाव्या जॉर्जच्या एका तिकिटावर काळ्या शाईत ‘कुवैत’ असा छाप होता. आम्हाला छपाईतली चूक वाटली. चूक नव्हती. त्या काळी कुवैतचे टपाल हिंदुस्थानचे टपाल खाते पाहत असे आणि आपलीच तिकिटे नाव छापून तिकडे वापरली जात. किंमतही आण्यांत. आपली माणसे आखातात नोकरीला जाऊ लागली, त्याच्या कितीतरी आधी आपले आणे तिकडे चालत होते!

पुढचे पान कोरे होते. तिकिटांच्या जागी नुसत्या फिकट चौकोनी खुणा. हा देश कोणता, काही केल्या कळेना. अम्मी दाराशी तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “ती पाकिस्तानची होती. मी चुलीत घातली.”

१९९३चा जानेवारी. मुंबई पेटली होती. धसईत काही झाले नव्हते, शेजारच्या घरातून भाकरभाजीची देवाणघेवाण चालूच होती. पण कोणी घराची झडती घेतली तर, एवढाच विचार तिच्या मनात आला. दादाजान तेव्हा हयात होते. नंतर त्यांनी अल्बम उघडला, ते पान पाहिले आणि काही न बोलता पेटीत ठेवला. पुन्हा काढला नाही.

आम्ही हिंदुस्थानच्या पानाकडे परत गेलो. सगळी तिकिटे भिंगाखाली धरली. सहाव्या जॉर्जच्याच आणखी एका तिकिटावर बारीक अक्षरांत ‘पाकिस्तान’ होते. १९४७च्या ऑक्टोबरमध्ये नव्या देशाकडे स्वतःची तिकिटे नव्हती. जुनीच तिकिटे नाशिकच्या सरकारी छापखान्यात नाव छापून तिकडे गेली. अम्मीला उर्दू वाचता येते, इंग्रजी नाही. बादशहाचा चेहरा पाहून तिने ते आपलेच समजले होते.

तिला ते दाखवले. नाशिकला छापलेले, हे ऐकून ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “असू दे तिथेच.”

आता प्रत्येक पानावर आम्ही देशाचे नाव लिहिले आहे. कोऱ्या पानावरही लिहिले. बाकीची नावे शाईने लिहिली, ते एक पेन्सिलीने.